पट्ट्याखालची जागा

आठ महिने मी पट्ट्यालाच दोष दिला.
डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला येणारा
कंडक्टरच्या बॅगेचा चामडी पट्टा, सव्वीस वर्षं,
नागपूर–उमरेड–भिवापूर,
चिल्लर जड होती तेव्हापासूनचा.
घासतो, म्हटलं. घट्टा पडला असेल.
हरभऱ्याएवढा होता, मग बोराएवढा झाला.
दुखत नव्हता,
म्हणून मीही त्याला छेडलं नाही.

इंदूनं पाहिलं.
मी अंगणात उघडाच, कूलरमध्ये पाइप धरून उभा.
"तुमची बोंडी अशी आत काहून गेली?"
माझ्या अंगावरच्या त्या जागेलाही नाव आहे
हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

मेडिकलला बाकावर सतरा बाया आणि मी.
हेडाऊ, अशी हाक आली, तशी आम्ही दोघं उठलो.
शिपाई इंदूला आत घ्यायला लागला,
मला म्हणे, काका, तुम्ही बाहेर थांबा.
"पेशंट मी आहे."
एवढ्या मोठ्यानं मी आजवर
फक्त 'पुढे सरका' म्हटलं होतं.
सतरा जणी सरकल्या.

फॉर्मवर विचारलं होतं : शेवटची पाळी कधी?
मी लिहिलं : सोमवार, रात्रपाळी, भिवापूर मुक्काम.
सिस्टर वाचून हसली, मग हसणं गिळलं,
आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली,
पट्टी न लावता, पण सरळ.

मशीनच्या दोन काचांत धरायला
पुरुषाकडे असतं काय?
ती पोरगी, बोरघरे, चिमटीनं ओढत राहिली,
"सॉरी हं काका, श्वास रोखा."
मग सुई. जुन्या तिकीट-पंचसारखा आवाज,
खट्.
खट्.
तीन तुकडे बाटलीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे.
म्हणाल्या, शंभरात एखाद्या पुरुषाला.
मी हिशेब केला :
दोन गाड्या भरून बाया,
आणि दारात उभा असलेला एक मी.

डेपोत सांगितलं, हर्निया.
कोणी विचारलं नाही
की हर्नियानं डावा हात वर का जात नाही,
बेलची दोरी मी उजव्यानं का ओढतो.
काखेतल्या गाठीही काढल्या होत्या.
आंघोळीला बसलो की साबण
एका बाजूला अडखळतो,
दुसऱ्या बाजूला नुसता घसरत जातो.

आता रोज एक गोळी, पाच वर्षं.
मे महिना, पारा शेहेचाळीस,
आणि आतून वेगळाच भपका उठतो,
कानापर्यंत, मानेपर्यंत.
हा घाम उन्हाचा की गोळीचा?
इंदू ओला टॉवेल माझ्या मानेवर टाकते.
"मले होत होतं तेव्हा काय म्हणत होते तुम्ही?
पंखा आहे ना, म्हणत होते."
होतो म्हणत.

प्रणोतीचं रक्त तपासायला दिलंय.
माझी आत्या छत्तिसाव्या वर्षी गेली,
घरात सगळे म्हणायचे, बाळंतरोग.
कोणीच तिच्या पदराखाली पाहिलं नाही.
पोरीला मी माझं नाक दिलं,
माझा तापटपणा दिला,
रिपोर्ट यायला तीन आठवडे आहेत.
ती म्हणते, बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच दिलं.
मी कूलरचा आवाज ऐकत बसतो.

काल गणेशपेठला, विश्रांतीच्या खोलीत,
राघोर्ते ड्रायव्हरला मी खरं सांगितलं.
तो डबा झाकून बराच वेळ गप्प.
मग उठला, दाराला कडी लावली,
खाकी शर्टाची तीन बटणं काढली.
"यादवभाऊ, इथं हात लावून पाय बरं,
मले काही लागते, का उगाच?"

आयुष्यात पहिल्यांदा
मी एका पुरुषाच्या छातीवर
न भांडता हात ठेवला.
गरम होती. केस पांढरे झालेले.
बोटं सावकाश फिरवली,
बाईंनी माझ्यावर फिरवली होती तशी, बाहेरून आत.
बाहेर भोंग्यावर आमचीच गाडी पुकारत होते,
आणि आम्ही दोघंही
अजून हललो नव्हतो.