सायबीण, मडगाव–बेतूल

इंजिन भंगारात गेलं
आणि गाडी बोश्त्यांवच्या माडांत उभी राहिली ती राहिलीच.
चाकं काढून चिऱ्यांवर चढवली.
काचेवरचं 'सायबीण' तेवढं पुसू दिलं नाही त्यानं,
आणि खाली उडालेल्या रंगात :
मडगाव – चिंचणी – असोळणा – बेतूल.

मी कुंकळ्ळीचा चारी.
देवळांची दारं केली, पाळणे केले,
पेट्या केल्या, कपड्यांच्याही, मेलेल्यांच्याही.
बसमध्ये घाम गाळायची खोली
आजवर कुणी सांगितली नव्हती.

"घाम? मे महिना चाललाय," मी म्हटलं,
"इथं फुकट मिळतो."
बोश्त्यांव हसला नाही. बावीस वर्षं तारवार,
त्यातली नऊ अशा दर्यावर जिथं पाण्याला साय धरते
आणि सायीवरून माणसं चालतात.
"मेस्ता, घामा-घामांत फरक आसा.
एक आपशींच येता.
दुसरो आपोवन हाडचो पडटा."

सीटा उपटल्या. खाली निघालं ते असं :
चार आणे, हेअरपिना, माळेचा एक मणी,
वाळून कडक झालेला बांगडा,
आणि तिकिटं, तिकिटं, पोपटी आणि गुलाबी.
एखादं माझंही असेल.
मडगावच्या आयटीआयला मी याच फुटबोर्डवर
लोंबकळत जायचो, रंधा पिशवीत, पिशवी दातांत.

मग फणसाच्या फळ्या. जुन्या, मुरलेल्या,
चीक कधीच विसरलेल्या.
छताला कापूस, कापसावर चांदीचा कागद,
त्यावर फळी. स्क्रू खोल बुडवायचे,
नाहीतर बसणाऱ्याच्या ढुंगणावर शिक्का.
दाराला कडी नको, आणि दार बाहेर उघडायला हवं :
चक्कर आलेला माणूस ओढत नाही, ढकलतो.
हे त्यानं मला तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगताना
त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी होतं. मी विचारलं नाही.

भट्टी ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, बॉनेटच्या जागी.
तिथं बसून बायका पूर्वीही पाय भाजून घेत.
"किती तापवायचं?"
"नव्वद."
"नव्वदात भात होतो, बोश्त्यांव."
"भात पाण्यांत आसता. हांगा वारो सुको."

दगडांनी मात्र रडवलं.
आधी चिरा घातला, तो असा फुटला
की शेजारची कुत्री दोन दिवस फिरकली नाहीत.
चिरा पाणी पोटात धरून बसतो,
आमच्यातल्या काही माणसांसारखा.
नदीतले गोटे घातले, तेही तडकले.
मग मागल्या दारी, केळीच्या मुळाशी,
दोन तुकडे झालेला रगडा दिसला, काळा, जड.
घण घातला. विचारलं कुणाला नाही,
कारण विचारायचं जिला होतं, पिएदाद,
ती या बसशी महिनाभर बोलत नव्हती.
"म्हातारो पिसावला. बशीक भाजता,"
असं ती पाद्रीलाही सांगून आली होती.

संध्याकाळी काजूची लाकडं पेटवली.
काटा ऐंशीवर. आत मी आणि तो, पंचे गुंडाळून,
समोरासमोर नाही, बाजूबाजूला, प्रवासात बसतात तसे.
डोक्यावर पाटी राहून गेली होती :
स्त्रियांसाठी राखीव.
त्यानं करवंटीनं पाणी घेतलं
आणि दगडांवर ओतलं.

चर्र. आणि मग, सायबा माझ्या,
डोळ्यांत, नाकात, घशात, कानांतसुद्धा
मिरची!
तीस वर्षांची वाटलेली मिरची, शिर्का, लसूण,
दगडाच्या रंध्रारंध्रांतून उठून आमच्यावर चालून आली.
आम्ही खोकत, ढकलत, एकमेकांवर पडत बाहेर.
दार बाहेर उघडलं. बरं झालं.

पिएदाद पायरीशी उभी, हातात झाडू.
वाफ तिच्यावरून गेली.
आता तोंड सुटणार, म्हणून मी पंचा घट्ट धरला.
ती हुंगत राहिली.
"मायची रिशाद," म्हणाली.
मग झाडू बसला टेकवून ठेवला, चपला काढल्या,
आणि आम्हाला बाजूला सारून
आत गेली, लुगडं सावरत,
पाटीखाली जाऊन बसली.

"दार लाव," आतून आवाज आला.
"आनी थोडें उदक घाल."