खाली बघू नका

"मान फिरवा हवी तशी, पण खाली बघू नका,"
म्हणाल्या रोझलीन सिस्टर
आणि डोळ्यांवर तो डबा बांधला,
अर्ध्या किलोच्या गुळढेपेएवढा.

बत्तिसावा आठवडा. बीपी एकशे साठ.
डावी कूस, अळणी आमटी,
शेजारची कॉट कालपासून रिकामी.
कुणी विचारत नाही.

डब्यात तळं होतं.
रंकाळा नव्हे. भेळेचा गाडा नाही,
काठावर ओळखीचं माणूस नाही,
निळंशार, परक्या गावचं पाणी.
कानात एक बाई: श्वास घ्या... सोडा.

आमच्या हुपरीत
पैंजणाच्या घुंगराला डाग देताना
श्वास धरावा लागतो.
तसाच धरलेला, जुलैपासूनचा,
सोडला.

मग खाली बघितलंच.
पाय नव्हते. पोट नव्हतं.
नुसतं गवत, वाऱ्यानं हलणारं.

खोटं कशाला बोलू,
घडीभर बरं वाटलं.

आणि त्या गवतातून,
जिथं मी कुठंच नव्हते,
बरगडीखाली
दणकन लाथ बसली.

"एकशे चव्वेचाळीस," सिस्टर म्हणाल्या, "उतरलं बघा."
मी डबा काढला नाही.
हात तेवढा
गवतावर ठेवला.