कारणाचा रकाना

पस्तीस वर्षं मी मयतांच्या नोंदी केल्या,
रास्ता पेठेतल्या एका इस्पितळात.
नाव, वय, पत्ता, वेळ,
आणि सगळ्यात शेवटी कारण.
तो रकाना इतका अरुंद का छापलाय,
कधी कुणी विचारलं नाही.

माझ्याआधीच्या वह्या दातारांच्या.
सुलोचना निजामपूरकर, वय एकोणीस, मधुमेह.
गंगाराम पठारे, गंज पेठ, वय चौतीस, मधुमेह, बेशुद्धी.
तेव्हा एका शब्दात भागायचं.
एकोणिसातल्या नवावर
दातारांची शाई जरा फुटलीय.

आमचे बाबा नारायण पेठेत छापखान्यात.
दिवसभर खिळे जुळवायचे,
आणि सकाळी उठल्या उठल्या
स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरायचे.
द्रावण निळं राहिलं तर आई पोळीला तूप लावायची.
विटकरी झालं
तर शाळेत जाईपर्यंत आम्ही कुजबुजत बोलायचो.
काचेची सिरिंज उकळत असायची चहाच्या शेजारी,
सुई ते पाट्याच्या कडेला घासून घ्यायचे,
औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत.
फ्रीज खळदकरांकडे होता, पण बाबांना मागणं जमायचं नाही.

सत्त्याऐंशी साली त्यांचा अंगठा काळा पडला.
मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत.
वय बावन्न.
ती नोंद मीच केली, दुसरं कोण करणार.
माझी शाई फुटली नाही.

त्यानंतर कधीतरी, म्हणजे इतकं सावकाश
की रोज लिहिणाऱ्या हाताला कळू नये,
वयाच्या रकान्यातले आकडे वाढायला लागले.
अठ्ठावन्न. त्रेसष्ट. एकाहत्तर.
बेशुद्धी गेली, पाय काळे पडणं कमी झालं,
हृदय आलं, मूत्रपिंड आलं,
नंतर नंतर चक्क म्हातारपण.
नव्या फॉर्मवर मधुमेह पहिल्या ओळीतून
खाली खाली सरकत
‘इतर सहायक कारणे’मध्ये जाऊन बसला,
लग्नात मागच्या खुर्चीवर बसणाऱ्या
नावडत्या मामासारखा.

निवृत्तीनंतर मला परत बोलावलं.
डॉक्टर अमरीन बागवान, वय असेल तिशीचं,
तिला दातारांचं अक्षर लागत नव्हतं.
दोन महिने मी वाचलं, तिनं टाइप केलं.
शेवटी तिनं पडद्यावर रेघ दाखवली :
पर्वती उतरतो आपण, तशी. मध्ये थोडी सपाट, पुन्हा उतार.
“दर कमी झालाय, बाई.”
मी म्हटलं, मग माझ्या वह्या लवकर का भरायच्या?
“अंश वाढलाच हो. पण छेद त्याहून वाढला.”

बाबा म्हणायचे, अपूर्णांक जुळवणं सगळ्यात अवघड.
वर एक खिळा, खाली एक,
मधे केसाएवढी पट्टी.
जरा दाब चुकला
की वरचा घरंगळलाच.

रेघ सगळ्यांसाठी उतरली नाही, तेही सांगते.
लोहियानगरची छबू कसबे, चार घरची धुणीभांडी,
गोळ्या दिवसाआड, कारण पैसे दिवसाआड.
वय त्रेचाळीस. दोन हजार अठरा.
दातारांच्या वहीत शोभली असती.
आणि वीस-एकवीसच्या याद्या उघडल्या तेव्हा
रेघ अशी काही वर उसळली
की अमरीननं लॅपटॉप अर्धा मिटला,
आणि आम्ही दोघी कँटीनमध्ये जाऊन
बिनसाखरेचा चहा प्यायलो.
तिचा साखरेचा होता खरं तर. माझा बिनसाखरेचा.

हो, मलाही आहे. सतरा वर्षं.
बाबांपेक्षा मी आता बारा वर्षांनी मोठी,
हे गणित काही केल्या अंगवळणी पडत नाही.
सकाळी बोट टोचते, यंत्र पाच सेकंदांत आकडा सांगतं,
ना निळा ना विटकरी.
घरात मोठ्यानं रेडिओ चालू असतो.

रात्री धनकवडीच्या तिसऱ्या मजल्यावर
पलंगाच्या कडेला बसून
हातआरशात तळपाय बघते, एकेक बोट फाकवून.
अजून छेदातच आहे मी.
खाली गर्दी फार, पण जागा आहे.
डाव्या अंगठ्याजवळ एक चीर दिसतेय.
उद्या दाखवून येते.