आकडा

उदगीरला हुक म्हटलं की
आधी आकडाच आठवतो.
वेळूच्या काठीला बांधलेली वाकडी तार,
अंधारात लायनीवर चढणारी,
पहाटे गुमान उतरणारी.

अण्णा वायरमन होते.
सव्वीस वर्षं लोकांचे आकडे काढले त्यांनी.
जप्त केलेल्या काठ्या न्हाणीमागं रचून ठेवायचे,
आई त्यांवर गोधड्या वाळत घालायची.

आणि मी, त्यांची लेक,
डाळमिलच्या माडीवर
तुरीच्या फोलपटांची धूळ कीबोर्डावरून फुंकत
आकडा टाकायला बसले आहे.

आजवर असं चालायचं:
कोड पुश केला की फोन लावायचा,
'मोबीन, टाकलंय रे, बिल्ड लाव.'
मग तो जेवत असो,
निलंग्याच्या एसटीत असो.
लेकीच्या अकीक्याला तर
मंडपामागं, देगेच्या झाकणावर लॅपटॉप ठेवून
अडत्यांच्या पट्टीचं नवं व्हर्जन काढलं त्यानं.
एक बाजू गरम होती, म्हणाला.
त्याच्या मोबाईलात माझं नाव
'बिल्ड' असं सेव्ह आहे.

रेपोच्या सेटिंगमध्ये पत्ता लिहिला,
कपाटावरच्या आमच्याच सर्व्हरचा, पोर्टासकट.
घटना: फक्त पुश.
ब्रँच: मेन.
आणि एक गुपित शब्द, दोन्हीकडे सारखा,
दार वाजवणारा आपलाच आहे
हे आतल्याला कळावं म्हणून.

पहिला पुश. चारशे तीन.
शब्द कॉपी करताना
शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली होती.
अण्णा म्हणायचे,
तार क्वचित तुटती, फॉल्ट जोडात असतो.

दुसरा पुश. लाइट गेली.
खाली मिल थांबली आणि एकदम
तिच्या आवाजाखाली बसलेल्या चिमण्या ऐकू आल्या.

तिसरा.
दोनशे.
कपाटावरच्या पंख्याचा सूर बदलला.
कुणी हाक मारली नव्हती,
कुणी ताटावरून उठलं नव्हतं,
आणि ओळी पडत गेल्या काळ्या पडद्यावर:
कोड घेतला, जोडला,
एकशे बारा टेस्ट, तुरीच्या कडत्याचीसुद्धा,
हिरव्या.

मोबीन चहा घेऊन वर आला.
'कुणी लावलं?'
'कुणी नाही.'
'हौ का,' म्हणाला,
आणि दोन्ही कप हातात धरून
शेवटच्या ओळीपर्यंत उभाच राहिला.
संध्याकाळी निघताना मोबाईल काढून विचारलं,
'तुझं आडनाव जोनापल्ले ना?
ल ला ल?'

जेवताना अण्णांना सगळं सांगितलं.
पत्ता, गुपित, पंख्याचा सूर.
भाकरी मोडत ऐकत होते.
सगळं झाल्यावर एवढंच विचारलं,
'आन् काढायचा कसा?
ते कुठं लिवून ठिवलीस का?'

रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला.
रीडमीच्या तळाशी चार ओळी घातल्या,
पुश केल्या.

तिकडं, बंद माडीवर,
पंखा फिरला असेल.