अकर्मक

जुबैलच्या कॅम्पात शुक्रवारी दुपारी
एल्दो टाइमकीपर इंग्रजी शिकवतो.
एसीच्या खोक्यावर मार्करनं त्यानं लिहिलं : लूम.
मी हात वर केला. हे येतंय मला.
इचलकरंजीत अकरा वर्षं चार लूम सांभाळले,
धोटा, कांडी, तुटलेली तार,
डावा कान तिथंच ठेवून आलोय.

तो हसला. म्हणाला, ते नाम. हे क्रियापद.
लांबवर काहीतरी मोठं उठतं,
धड दिसत नाही, पण येतंय एवढं कळतं,
त्याचं हे.
धमकी द्यायला समोर कुणीतरी लागतं.
ह्याला लागत नाही. अकर्मक.
ते नुसतं उभं राहतं.

रझाकनं विचारलं, वाक्यात कसं वापरायचं?
एल्दोनं खिडकीकडं बघितलं.
फ्लेअरच्या मागं आभाळ विटकरी होत चाललेलं.
शमाल असेल. किंवा ऑफिसच्या दारावर
उद्या लागायची ती यादी.
व्याकरणाला, म्हणाला, दोन्ही चालतं.

रात्री थोरल्याचा फोन.
शिवलिंगदादा हळू बोलत होता
आणि मला सगळं ऐकू येत होतं.
एवढं कधी येत नाही, मागं खडखडाट असतो.
लाइट गेली काय रं?
न्हाई. लूम दिले. भंगारात, किलोवर.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

खोक्यावरचा शब्द तसाच होता.
दाराखालून वाळू आत यायला लागली होती.
मी त्याच्यापुढं ‘नाम’ लिहिलं,
मग खोडलं.