पहिली सीट

सव्वीस वर्षं या सीटवर हॅलव्हर्सन बसायचे.
सामना जिंकला की तोंडात न पेटवलेला सिगार,
हरला की टोपी डोळ्यांवर.
मला तेवढ्यावर सगळं कळायचं. बोलायची गरज नव्हती.

ऑक्टोबरात हा आला, रेनार्ड पेटिग्रू,
लुईझियानाच्या दलदलीतून थेट मिनेसोटाच्या टोकाला,
पातळ कोट, पायात कॅनव्हासचे बूट.
किराणा दुकानात लोक म्हणाले, नाताळपर्यंत टिकला तर खूप.
मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू?

पहिला आठवडा त्यानं पोरांच्या हाती चेंडूच दिला नाही.
नुसते पाय. मागे, बाजूला, मागे.
रिकाम्या हातांनी अडवायचं,
जे अजून समोर आलेलंच नाही ते.
मी दारात उभा, बसच्या किल्ल्या वाजवत.
रॉस्को ब्रेनन, चौथ्या वर्षाचा, आमच्याच गावचा,
थुंकल्यासारखा हसला, "हा काय नाच आहे?"
"नाचच आहे," पेटिग्रू म्हणाला,
"आणि तुला येत नाही."

नोव्हेंबरात सहा सामने, सहाही गेले.
जिममधले बाक उघडे पडले,
आम्हाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.
डिसेंबरात, वादळाच्या रात्री, एकेचाळीस गुणांनी हरलो.
एकेचाळीस.
परतीच्या वाटेवर इतकी शांतता
की वायपरचा आवाज उद्धट वाटावा.
आरशात बारा हूड, आत तोंडं असावीत,
कुणाच्या मांडीवर अर्धं सँडविच तसंच.
मी वाट बघत होतो, आता हा ओरडेल.
हॅलव्हर्सन ओरडले असते, आम्हाला बरं वाटलं असतं.
यानं बाहीनं काच पुसली
आणि विचारलं,
"डावीकडे हा काळोख दिसतोय, तो तलाव की शेत?"
तलाव, मी म्हणालो.
"नाव?"
नाव सांगावं लागलं. मग पुढच्याचं.
मग त्याच्यापुढच्याचं.
या रस्त्यावर किती पाणी गोठून पडलंय
ते मीही त्या रात्री पहिल्यांदा मोजलं.

जानेवारीत एक जिंकलो.
मग, कसे कोण जाणे, आणखी तीन.
तिकीट खिडकीतल्या आर्डिथबाईंनी
पोरांची नावं नव्यानं विचारून घेतली,
टेम्बो कसं लिहायचं, ओमारी कसं.
हॅलव्हर्सन एकदा आले, सगळ्यात वरच्या रांगेत बसले,
मध्यंतराला उठून गेले.
खाली मैदानावर त्यांचंच नाव रंगवलेलं,
पोरं त्याच्यावरून धावत होती.

फेब्रुवारीत ब्रेननला बाकावर बसवलं. सलग पाच सामने.
गावातून फोन गेले, एक मीही करणार होतो.
मग ती रात्र. दोन वाजलेले,
डिझेल भरायला थांबलो होतो, उणे पंचवीस.
नळी हातात धरून मी बघतोय
तर पंपाच्या दिव्याखाली, ताज्या बर्फात,
ब्रेनन गुडघे वाकवून उभा
आणि समोर पातळ कोटातला तो.
मागे. बाजूला. मागे.
कुणी काही बोलत नव्हतं, नुसती वाफ.
टाकी भरून वाहायला लागली तेव्हा मला कळलं.
बसमध्ये चढताना ब्रेनननं
आपले लोकरी हातमोजे पहिल्या सीटवर टाकले,
टाकले म्हणजे फेकलेच,
आणि मागे जाऊन झोपला.

शेवटचा सामना एका गुणानं गेला.
ओमारीचा फ्री थ्रो कड्यावर दोनदा फिरला
आणि बाहेर पडला. तेच पोर,
जे रोज पहाटे कुलूप उघडायच्या आधी दारात असायचं.

घरी बायकोनं विचारलं, किती?
सात, मी म्हणालो.
तिला वाटलं, सातनं हरलो.
नाही, सात जिंकलो. वीस हरलो. सगळे मिळून.
"मग एवढं काय," ती म्हणाली.
मला सांगता आलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ फुटायला लागतं, रात्री,
तोफ डागल्यासारखं. आम्ही कूसही बदलत नाही.
फोन वाजला. पेटिग्रू, श्वास चढलेला:
"हे काय होतं?"
तलाव, मी म्हणालो. झोपा.
थोडा वेळ तो गप्प.
मग म्हणाला,
"कुठला?"