चार्ज

एक ऑक्टोबर, सकाळी आठ चाळीस.
टॉलर क्रीकच्या धरणाकाठी
दोन सरकारी गाड्या नाकाला नाक लावून उभ्या.
एकीच्या दारावर केंद्राच्या पाणीखात्याची निळी लाट,
ऊन खाऊन पांढरी पडलेली.
दुसरीवर काउंटीचं पाइनचं झाड,
कालच चिकटवलेलं,
शेंड्याखाली अजून हवेचा एक फुगा.

मी डेलमार क्विस्ट.
सव्वीस वर्षं हा काठ राखला, आज चार्ज देतोय.
घेणारी माइते उरिझार, वय एकतीस.
तिचा पणजोबा याच उतारावर मेंढ्या चारायचा,
पाणी यायच्या आधी.
हे तिनं एकदाच सांगितलं, आणि यादी काढली.

सहलीची टेबलं चव्वेचाळीस.
एकेचाळीस, मी म्हणालो. तिघांना पोहता येतं.
ती हसली नाही. खोडून एकेचाळीस केलं.
संडास सहा, चालू पाच.
तरते धक्के दोन.
पिवळे बोये अठरा,
त्यातल्या सातव्यावर पाणकावळा बसलेला असतो पंख पसरून,
तो कुणाच्याच यादीत नाही.

करार एकशे बारा पानांचा.
मला उमगला तो इतकाच:
पाणी त्यांचं, काठ यांचा.
आणि काठ कुठून धरायचा?
तीन हजार चारशे बारा फुटांच्या रेषेपासून वर.
रेषेला कुणी कळवलंय का, ते मी विचारलं नाही.
खालच्या खोऱ्यातल्या बटाट्यांनी
ऑगस्टभर पाणी ओढलं
की काठ उतरत जातो, पाऊण मैल,
टेबलं, शेगड्या, 'पोहू नये'ची पाटी मागे टाकून,
आणि मधे उरतो नुसता राखाडी चिखल
ज्याचं भाडं कुणी मागत नाही.

त्या चिखलात, दर ऑक्टोबरला,
हॅस्केटच्या शाळेच्या चार पायऱ्या वर येतात.
पायऱ्याच. त्या चढून जायला पुढे काही नाही.

आणि आर्डिथ लोमॅक्स येते.
चौऱ्याऐंशीची. घडीची खुर्ची, थर्मास,
कुत्रा होता, आताशा नाही.
रडतबिडत नाही.
पायऱ्यांकडे तोंड करून शब्दकोडं सोडवते,
अकराच्या सुमारास एखादा शब्द अडला
तर मला हाक मारून विचारते.
मला कधीच येत नाही.

फाटक मात्र नियमानं तीस सप्टेंबरला बंद.

किल्ल्यांचा जुडगा मोजताना माइते थांबली.
चौदा नंबर. कशाची?
फाटकाची, मी म्हणालो.
तिनं जाऊन लावून पाहिली.
कुलूप लांबून कुलूपच दिसतं,
साखळी दोन वेढ्यांची, शोभेल अशी,
पण दांडा बसत नाही. बोटानं ओढला की सुटतो.
किती दिवस असं?
अकरा वर्षं.
नवं का नाही मागवलं?

वाऱ्यानं तिचे कागद फडफडले.
मी चिखलाकडे पाहिलं,
मग तिनंही.
आम्ही दोघं बराच वेळ
सरकारी वेळेत
काही न करता उभे राहिलो.

मग तिनं गाडीच्या बॉनेटवर कागद टेकवला
आणि चौदाव्या रकान्यात लिहिलं,
अक्षर बारीक, जरासं डावीकडे कललेलं:
'कुलूप नादुरुस्त.
बदलण्याचा प्रस्ताव पुढील आर्थिक वर्षात.'
खाली सही, तारीख.
माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढील आर्थिक वर्ष!
मी या खात्यात म्हातारा झालो,
मला ठाऊक आहे ते किती लांब असतं.

जुडगा दिला. पँटचा उजवा खिसा
एकदम हलका, चालताना तोल जाईल असा.
वळणावर धूळ उठली होती,
जुन्या हिरव्या पिकअपची, सावकाश.
निघण्याआधी, का कोण जाणे,
मी तिच्या गाडीच्या दारावरचा
तो हवेचा फुगा अंगठ्यानं दाबला.
गेला नाही.
खोडाकडे सरकला थोडा.